आजोबांच्या ट्रंकेतली पाचबारी : परवान्यावर वेबली, पण खरी कुठली?

गंगावेशकर (रविवार, रात्री ९.४०)

राम राम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वडिलांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या नावावर एका रिव्हॉल्व्हरचा परवाना होता, त्याआधी आजोबांच्या नावावर. वडील गेले त्याच महिन्यात मी हत्यार पोलीस ठाण्यात जमा केलं, पावती माझ्याकडे आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर पहिलाच प्रतिसाद ‘घरात ठेवलंय काय?’ असा येणार.

आता घरात तीन तोंडं, तीन मतं. आत्या म्हणते, शाहू महाराजांच्या हातची वस्तू हाय, घालवाल तर बघा. धाकटा भाऊ म्हणतो विकूया, चाळीस लाख येतील. त्याने मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघितलाय. मला आधी एवढंच कळायला हवं की हे आहे काय, कधीचं, आणि खरंच मोलाचं आहे का.

घरची कथा अशी. पणजोबा महाराजांच्या शिकारखान्यात होते. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला विलायतेला गेले, तिथून त्यांनी ही आणली. पुढे दाजीपूरच्या रानात पणजोबांनी जखमी गव्यापासून कुणाला तरी वाचवलं आणि महाराजांनी कमरेची काढून दिली. गव्याचा कधी अस्वल होतो, कधी वाघ. सांगणारा कोण त्यावर.

जमा करायच्या आधी भाच्याने फोटो काढून ठेवले होते, ते खाली लावलेत. मुठीत मावेल एवढी आहे. नळी जेमतेम अडीच इंच. चकरीला पाच घरं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, बारीक चौकटी कोरलेली, बुडाला दोरी अडकवायची कडी. नळीच्या मागच्या पट्टीवर इंग्रजीत ‘ब्रिटिश बुल डॉग’. परवान्यावर लिहिलंय : रिव्हॉल्व्हर, .४५० बोअर, वेबली, इंग्लिश मेक, नं. २७. (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, वेबली म्हणजे इंग्लंडची बंदूक कंपनी.) चकरीच्या मागच्या बाजूला लंबगोल शिक्का, त्यात ई, एल, जी. आत्याच्या मते ही ज्या साहेबाकडून महाराजांनी घेतली त्याची आद्याक्षरं.

तांबडा_पांढरा (रविवार, रात्री ९.५२)

भावा, चाळीस लाख आले की पहिली पार्टी धाग्यावरच्यांना. खुर्ची धरून बसलोय.

निवृत्त_नाझर (रविवार, रात्री १०.३०)

हत्यार जमा केलेत हे उत्तम केलेत. परवानाधारक गेल्यावर कलम २१ प्रमाणे तेच करावे लागते, आणि निम्मे लोक ते करत नाहीत. कपाटात गुंडाळून ठेवतात, मग वाटणीच्या भांडणात कोणीतरी अर्ज करतो आणि सगळे घर चौकशीला. मी शस्त्र शाखेत बरीच वर्षे काढली आहेत, पाहिलेले सांगतो.

दोन गोष्टी लगेच करा. एक, वारस म्हणून कोणाच्या नावावर परवाना मागायचा ते घरात ठरवून, बाकीच्यांचे ना-हरकत घेऊन अर्ज टाका. जमा हत्यारालाही मुदत असते; ठरल्या काळात काहीच हालचाल केली नाही तर ते सरकारजमा होते. दुसरे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात. ज्याच्या नावावर आधीच दोन असतील त्याने नाव पुढे करू नये.

आणि काडतुसे? ट्रंकेत काही राहिले आहे का? बघा. काडतुसालाही परवाना लागतो.

घोडा_आणि_चाप (रविवार, रात्री ११.१५)

फोटो बघून झोप उडाली. उद्या सविस्तर लिहितो. तोवर भाच्याला विचारा : (१) त्या लंबगोलाच्या वर मुकुट आहे का? (२) नळीच्या बुडाशी किंवा सांगाड्यावर एखादं अक्षर आणि त्यावर चांदणी दिसते का? (३) पंख असलेली गोळी असं काही चित्र कुठे आहे का? (४) चकरीच्या प्रत्येक घराच्या बाजूला वेगळा शिक्का आहे का, की एकच?

आणि कृपा करून कुणी घासूनपुसून ठेवलेली नसू दे देवा.

गंगावेशकर (सोमवार, दुपारी १.०५)

भाच्याने मूळ फोटो मोठे करून पाठवले. मुकुट आहे, अर्धा झिजलेला. चांदणी आहे, खाली एक अक्षर. मला ‘एस’ वाटतं, त्याला ‘आठ’ वाटतो. पंखवाली गोळी कुठेच नाही. चकरीवर तो एकच लंबगोल.

नाझरसाहेब, तुमच्या सांगण्यावरून ट्रंक उपसली. तळाशी तपकिरीच्या डब्यात अकरा काडतुसं निघाली, हिरवी पडलेली. हात न लावता डबा तसाच ठेवलाय.

निवृत्त_नाझर (सोमवार, दुपारी १.२०)

आजच ठाण्यात कळवा. डबा स्वतः उचलून रिक्षाने नेऊ नका, ते सांगतील तसे करा.

घोडा_आणि_चाप (सोमवार, रात्री ९.२५)

बसा आता, हे जरा लांबणार.

आत्याबाईंना सांगा, ई.एल.जी. हा कुणी साहेब नव्हे. ते बेल्जियमच्या लिएज शहरातल्या तपासणी-घराचं चिन्ह आहे. त्या काळी नळी आणि चकरी जादा दारू भरून उडवून बघायचे. फुटली नाही तर शिक्का. बर्मिंगहॅममध्येही असंच घर १८१३ पासून आहे, पण त्याचे शिक्के वेगळे : मुकुट आणि खाली आडवे-तिडवे दोन राजदंड, १९०४ नंतर मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. अशी अक्षरं. शिवाय इंग्लिश चकरीत प्रत्येक घरावर खूण बसलेली दिसते. तुमच्यात यातलं काहीच नाही. पंखवाली गोळी हा वेबलीचा छाप, तोही नाही. म्हणजे परवान्यावर काहीही असो, ही बेल्जियन आहे.

मग ‘ब्रिटिश बुल डॉग’ कशाला कोरलंय? तर वेबलीने १८७२ च्या सुमाराला या नावाची आखूड, जाडजूड, पाच बारांची रिव्हॉल्व्हर काढली. कोटाच्या खिशात मावायची आणि गोळी मात्र जाड. इतकी खपली की बेल्जियम, स्पेन, अमेरिका सगळीकडे नकला सुरू झाल्या. १८७८ मध्ये वेबलीने नाव नोंदवून घेतलं, पण लिएजच्या कारागिरांना त्याचं काय? आपल्याकडे चप्पल कुठेही शिवतात आणि खाली ‘कोल्हापुरी’ छापतात, तसंच. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली ती बुलडॉगनेच. मारेकऱ्याने म्हणे हस्तिदंती मुठीची निवडली, पुढे संग्रहालयात बरी दिसेल म्हणून. संग्रहालयात गेली, आणि तिथून हरवली.

आता वय. चांदणीखाली अक्षर ही लिएजच्या तपासनिसाची खूण १८७७ पासूनची. त्याआधी चांदणीच्या जागी मुकुट असायचा. लंबगोलावर मुकुट आला १८९३ मध्ये. त्याआधीचा लंबगोल बोडका. म्हणजे तुमची १८९३ च्या आधीची असूच शकत नाही. वरची मर्यादा मी १९१४ धरतो, कारण त्या ऑगस्टात जर्मनांनी लिएज घेतलं आणि हा धंदाच बसला. याहून नेमकं साल कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वेबलीच्या नंबरावरून अंदाज बांधता येतो. लिएजमध्ये घरोघरी भाग घडवून एकत्र जोडायचे, तिथे नंबराला अर्थ नाही. तुमचा ‘२७’ हा बहुधा जुळणीचा आकडा आहे, एका हत्याराचे भाग दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून टाकलेला. त्याच कारखान्यात २७ नंबरच्या ढीगभर निघाल्या असतील.

घरच्या कथेबद्दल : १९०२ सालाशी शिक्क्यांचं भांडण नाही. पण अडीच इंची नळी घेऊन दाजीपूरच्या गव्यासमोर? गवा हजार किलोच्या घरातला. दहा पावलांवर माणूस चुकेल अशी ही वस्तू. जो राजा स्वतः शिकारीतला जाणता, तो शिकारखान्यातल्या माणसाला बक्षीस म्हणून बेल्जियन खिसापिस्तूल देईल हे माझ्या गळी उतरत नाही. दरबारी बक्षीस असतं तर नाव कोरलेलं, नाहीतर चांदीची पट्टी, निदान कागद तरी सापडला असता.

सांगलीकर_पाव्हणा (सोमवार, रात्री ९.५०)

अवांतर : याच लिएजवाल्यांनी सायकलस्वारांसाठी ‘वेलो-डॉग’ नावाची चिमुकली रिव्हॉल्व्हरसुद्धा काढली होती ना? मागे लागणाऱ्या कुत्र्यांवर झाडायला?

घोडा_आणि_चाप (सोमवार, रात्री ९.५८)

मूळ कल्पना फ्रान्सची, १८९० च्या दशकातली; लिएजने भरपूर बनवल्या. आमच्या कळंबा रोडला रात्री सायकल चालवून बघा, का लागत होती ते कळेल.

उद्यमनगरी (सोमवार, रात्री १०.१०)

गंगावेशकर, ठाण्यातनं सुटली की माझ्याकडं आणा. अशा गंजलेल्या वस्तूला बफ मारून आरसा करून देतो. निकेलचं पाणीबी चढवता येतंय. पैसे नकोत.

घोडा_आणि_चाप (सोमवार, रात्री १०.१३)

अहो काका, नको!!! तुमच्या बफाच्या चाकाखाली तो अर्धा मुकुट पाच सेकंदांत जाईल आणि आपण वर लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर. जुन्या लोखंडावरची ती तपकिरी साय म्हणजेच वय. संग्राहक आधी तीच बघतो. वर नंबर पुसला गेला तर शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली तो वेगळाच गुन्हा. ताजा लाल गंज असेल तर मऊ फडक्यावर थोडं पातळ तेल, बास. पॉलिश पेपर नाही, चिंच-राख नाही, तारेचा ब्रश तर मुळीच नाही. आणि हे सगळं परवानाधारकाच्या हातात आल्यावर.

उद्यमनगरी (सोमवार, रात्री १०.२०)

बरं बाबा, ऱ्हायलं. आमच्याकडं गंजकं आलं की हात शिवशिवतात. पण एक सांगा, चालतीय का ती? स्प्रिंग-बिंग करून देऊ शकतो.

घोडा_आणि_चाप (सोमवार, रात्री १०.३१)

दुरुस्तीलाही परवाना लागतो काका, त्या भानगडीत पडू नका. आणि ही चालवायची नाहीच. काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेला सांगाडा आहे. आजचं धूररहित दारूचं काडतूस भरलं तर चकरी हातात फुटायची. त्या अकरा हिरव्या काडतुसांबद्दल तर बोलायलाच नको.

धाकटा_गंगावेशकर (मंगळवार, सकाळी ८.१०)

मी तो धाकटा भाऊ. खास खाते काढले. तुम्ही सगळे शिक्के-चांदण्या बोलताय, किंमत कोणीच सांगत नाही. व्हिडिओत सांगितलेय की शंभर वर्षांवरील रिव्हॉल्व्हर अँटिक असते, तिला परवानाही लागत नाही आणि परदेशात कोटीत जाते. जुन्या वस्तूंच्या साइटवर जाहिरात टाकायची का नाही?

निवृत्त_नाझर (मंगळवार, सकाळी ९.००)

जाहिरात अजिबात टाकू नका.

शंभर वर्षे झाली म्हणून परवाना लागत नाही, असे कायद्यात कोठेही नाही. लोकांना जे अर्धवट आठवते ते शस्त्र कायदा १९५९ चे कलम ४५ (क). कालबाह्य घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा नादुरुस्त हत्यार यांना सूट आहे, पण पुढची ओळ लोक वाचतच नाहीत : जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही असे. ‘दुरुस्त करून’ या दोन शब्दांत सगळे आले. तुमच्या हत्याराची स्प्रिंग बदलून ते चालणार असेल तर सूट नाही. हे ठरवणार परवाना अधिकारी, तज्ज्ञाचा अहवाल घेऊन. आपण किंवा व्हिडिओवाला नव्हे.

परदेशाचे म्हणाल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तो रस्ता बंदच समजा.

विक्रीचा रस्ता एकच : परवानाधारक विक्रेत्यामार्फत, किंवा ज्याच्याकडे परवाना आहे अशा माणसाला, आणि तेही आधी जिल्हादंडाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवून, ४५ दिवस थांबून. त्याआधी हे हत्यार तुमच्यापैकी कोणाच्या तरी नावावर यायला हवे.

आणखी एक खाच. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ चे काठवाले काडतूस बसून उडते ती प्रतिबंधित बोअर. त्याचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, दिल्लीहून गृह मंत्रालयाकडून येतो. तुमची .४५० त्यात मोडते का हे मोजमापाने ठरेल. घरी कोणी काडतूस घालून बघू नये.

घोडा_आणि_चाप (मंगळवार, सकाळी ९.४०)

किमतीचं मी सांगतो, पण धाकट्यांना आवडणार नाही.

आपल्याकडे हातातल्या हत्याराला किंमत येते ती चालण्याची. वयाला इथे कोण विचारतं? ऐंशीच्या दशकात सर्वसामान्यांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, तेव्हापासून .३२ बोअरची चालू, परवान्यावर सहज चढणारी खरी वेबली किंवा स्मिथ अँड वेसन लाखांत जाते. विकत घेणारा तिच्यावर काडतूस मिळतं म्हणून पैसे टाकतो. तुमच्याकडे जे आहे त्याचं काडतूस बाजारात नाही, चालवायची सोय नाही, बोअरचा घोळ आहे आणि परवान्यावर नाव चुकीचं आहे. एखादा हौशी संग्राहक ‘बघू’ म्हणेल, विक्रेता बहुधा ठेवूनसुद्धा घेणार नाही.

आणि परदेशातसुद्धा कोटी वगैरे विसरा. अमेरिकेत १८९८ पर्यंतच्या बनावटीचं हत्यार अँटिक म्हणून मोकळेपणाने विकलं जातं, तरी साध्या बेल्जियन बुलडॉगला काहीशे डॉलरच्या वर सहसा बोली जात नाही. लिएजने त्या ढिगांनी काढल्या. किंमत वाढते ती कुठल्या दुकानाचं नाव कोरलेलं असेल तर, मूळ पेटी असेल तर, किंवा कागद असेल तर. मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअरचं किंवा कलकत्त्याच्या मँटन, रॉडाचं नाव वरच्या पट्टीवर असतं तर मीच तुमच्या मागे लागलो असतो.

तांबडा_पांढरा (मंगळवार, सकाळी ९.४४)

पार्टी रद्द. निदान मिसळ तरी?

मोडीप्रेमी (मंगळवार, दुपारी ४.१५)

कागद असेल तर, असं वर आलंय म्हणून विचारते. गंगावेशकर, त्या ट्रंकेत चोपड्या-बिपड्या काही? जुन्या घरांत हत्यार आणि हिशेब एकाच पेटीत असतात. शिकारखान्याची नोंद बघायची असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानची दप्तरं आहेत, पण ते महिनोन्‌महिन्यांचं काम. आधी घरचं बघा.

गंगावेशकर (गुरुवार, रात्री ८.५०)

सगळ्यांचे आभार. डबा ठाण्यातून माणूस येऊन घेऊन गेला, पावती मिळाली.

ट्रंकेत दोन लांबट चोपड्या होत्या, लाल कापडाची बांधणी, वाळवीने कडा खाल्लेल्या. सगळं मोडी. आम्हाला एक अक्षर लागत नाही. पण दुसऱ्या चोपडीत एका पानाला कुणीतरी पेन्सिलने रिव्हॉल्व्हरचं चित्र काढलंय, लहान पोराने काढल्यासारखं. ते पान लावतोय. मोडीप्रेमी ताई, बघता का?

मोडीप्रेमी (शुक्रवार, सकाळी ११.३०)

वाचलं. दोनदा वाचलं, म्हणून उशीर.

ही रोजकीर्द आहे, घरच्या जमाखर्चाची. पानाच्या माथ्यावर सन १९०९. खर्चाच्या बाजूला ओळ अशी : ‘पाचबारी तमंचा विलायती नग १ व काडतुसे ५० मुंबईहून आणविली, वसुलीचे कामी बाहेरगावी जाणेकरिता, रु. १४॥’. त्या आकड्यापुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, तेव्हा साडेचौदा रुपये. शेजारच्या पानांवर गावोगावची नावं, मुद्दल, व्याज, कोण किती दिले, कोण फिरला.

चित्राबद्दल काही लिहिलेलं नाही.

घोडा_आणि_चाप (शुक्रवार, सकाळी ११.४१)

सावकार! अहो, मग सगळं जुळलं. खिशात मावणारी, जवळून दाखवायची वस्तू. १८९३ ते १९१४ म्हटलं होतं, १९०९ आलं. दिवस सार्थकी लागला.

आता कागद मिळालाय, तेव्हा चोपडी आणि हत्यार यांची ताटातूट करू नका. माझ्यासारख्याला त्या पानासकट त्या बुलडॉगचं मोल दुप्पट वाटेल. (दुप्पट म्हणजे किती ते विचारू नका.)

निवृत्त_नाझर (शुक्रवार, दुपारी १२.०५)

वारसाच्या अर्जासोबत परवान्यावरील वर्णनाची दुरुस्तीही मागून घ्या : वेबली ऐवजी बेल्जियन बनावट. ‘इंग्लिश मेक’ हे कोणत्या तरी कारकुनाने वरची पट्टी वाचून लिहिले असणार, आणि पुढच्या प्रत्येकाने तेच उतरवून काढले. पुढे हत्यार तपासणीला गेले आणि कागदाशी जुळले नाही, तर उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

गंगावेशकर (शनिवार, रात्री ९.१५)

अर्ज तयार केला, सोमवारी टाकतो. परवाना माझ्या नावावर मागतोय. धाकट्याने ना-हरकतीवर सही केली, तोंड पाडून का होईना.

काल रात्री आत्याला सगळं वाचून दाखवलं. बेल्जियम ऐकून घेतलं. सावकारी ऐकून जरा गप्प बसली, म्हणाली, व्याजाचं आमच्या आईला आवडायचं नाही, म्हणून घरात कधी कुणी बोललं नसेल. चित्र बघून म्हणाली, हे माझ्या बापानं काढलं असणार, त्याला सगळीकडं चित्रं काढायची खोड होती. मग चहा झाला, आणि कप खाली ठेवता ठेवता मला विचारलं, “त्या टायमाला हत्यार बाळगायची परवानगी कोण देत हुतं?”

म्हटलं, संस्थान. दरबार.

“मग? म्हंजी महाराजांनीच दिली की.”

निवृत्त_नाझर (शनिवार, रात्री ९.३२)

यावर माझ्याकडे उत्तर नाही. आत्याबाईंना नमस्कार सांगा.